चौथी पत्री

पहिली

बैलाला पाय चार, पण खूर मधोमध फाटलेला, म्हणून नख्या आठ. आठ नख्यांना आठ लोखंडी पत्र्या, एकेका पत्रीला तीन खिळे. देवगाव फाट्यावरच्या सटवाजी नालबंदाचं आयुष्य एवढ्या हिशेबात बसलेलं होतं. सेलूची गिट्टीची सडक जिथं फुटते तिथं लिंबाच्या झाडाखाली त्याचा ठिय्या. गिट्टीनं नखी झिजते, नखी झिजली की बैल लंगडतो आणि बैल लंगडला की मालकाला सटवाजी आठवतो. "निजाम सरकारनं सडक केली अन् माजी भाकर केली," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

लोक मात्र त्याला ओळखायचे ते दुसऱ्याच धंद्यासाठी.

बैल पाडून त्याचा खूर मांडीवर घेतला की सटवाजी लगेच हातोडी उचलत नसे. खुरावर तळवा ठेवून गप्प बसायचा. शंकरपटाच्या शर्यतीत पळणारा बैल असला तर जरा जास्तच वेळ. मालकाला वाटायचं, देवाचं नाव घेतोय. तो ऊब बघत असायचा. कुठल्या नखीत ठणका आहे, कुठला पाय बैल चोरतोय, कुठला सांधा आतून सुजलाय, सगळं त्याच्या तळव्याला समजायचं. पंचवीस कोसांतल्या पटाच्या जोड्या याच झाडाखालून पुढं जायच्या. मग पैजा लावणारे लोक पटाच्या आधी येऊन त्याला विचारायचे, आणि तो सांगायचा.

सांगायचा म्हणजे बोलायचा नाही. बैलबाजारातले दलाल करतात तसा उपरण्याखाली हात घ्यायचा. पटात एका वेळी दोन जोड्या सुटतात, एक डाव्या पट्टीवर, एक उजव्या. डावी जिंकणार असली तर सटवाजी समोरच्याची करंगळी दाबायचा, उजवी असली तर अंगठा. एका दाबाची किंमत एक पायली ज्वारी. आधी ओतायची, मग हात घालायचा. पट कसाही लागो, ज्वारी परत मिळत नसे.

पण परत मागायची वेळ कुणावर आलीच नव्हती. तीन वर्षं, आणि एकही बोट चुकलं नव्हतं.


दुसरी

सडकेच्या पलीकडं मैलाचा दगड होता. पटाच्या आधीचे चार दिवस त्या दगडावर चंद्रभान बसलेला असायचा.

चंद्रभान सेलूचा. पूर्वी जिनिंगवर कापूस तोलायचा. एकदा काटा सोडून पटाकडं वळला तो वळलाच. आता घरात दुसरं उत्पन्न नाही. जे खायचं ते पैजेचं. एक तांबडं तट्टू, एक काळा गरम कोट आणि बोटात एक अंगठी, एवढी त्याची पेढी. हरला की कोट जायचा, जिंकला की कोट परत यायचा. सेलूच्या बाजारात लोक विचारायचे, "काय चंद्रभान, औंदा तुजा उन्हाळा लवकर आला वाटतं?" तो हसायचा. रागवायला त्याला सवड नव्हती.

त्यानं सटवाजीकडून कधी बोट विकत घेतलं नाही. नुसता दगडावर बसून बघायचा.

"सटवाजी," एकदा तो तिथूनच ओरडला, "तुला येवढं कळतंय, मंग सोता का लावीत न्हाईस?"

"मला झोप पायजे, गड्या."

"झोप मला बी लागती. उपाशी लागती, भरल्यापोटी लागती."

"मंग येकडाव घे की माज्याकडनं. पायलीच तर हाय."

"इकत घेतलेल्या बोटावर मी कोट लावीत न्हाई." चंद्रभान सडक ओलांडून जवळ आला, खाली बसला. "हे बघ. माजं चुकलं की माजा कोट जातो. तुजं चुकलं तर लोकायचे कोट जातेत, अन् तुजी पायली तुज्याच कणगीत. तुला वाटतंय, हे बरं हाय."

"बरंच हाय."

"मी धा डाव चुकलो, धा डाव उघडा पडलो, अकराव्या डावाला पुन्हा उभा. माज्या अंगाला सवय हाय. तुज्या अंगाला न्हाई. तुजं ज्या दिवशी जाईल ना, त्या दिवशी थोडं थोडं न्हाई जायचं."

"माजं चुकत न्हाई."

"तेच म्हणायलोय," चंद्रभान म्हणाला आणि पुन्हा दगडावर जाऊन बसला.


तिसरी

त्या वर्षी माघातला पट फाट्याजवळच्याच रानात ठरला. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांची इजाजत आली, दोन पट्ट्या नांगरून, वखरून मऊ केल्या, शेवटाला दोरा बांधायच्या काठ्या रोवल्या. आणि पट्टीच्या तोंडाशी जी बाभूळ होती तिला कासरे बांधले गेले.

कासरा बांधणं म्हणजे जबान देणं. ज्याला मोठा मुकाबला खेळायचा तो आपल्या बैलांचा कासरा आधीच पाठवून त्या बाभळीला बांधतो. हरला तर जोडी दुसऱ्याची. बांधलेला कासरा सोडता येत नाही, आणि पटाच्या दिवशी जोडी आलीच नाही तरी ती गेलीच. त्या वर्षी बाभळीला दोन कासरे होते. डाव्या पट्टीचा आबासाहेब देशमुखांचा, रेशमी गोंड्यांचा. उजव्या पट्टीचा साध्या अंबाडीचा. तो लिंबाजीचा होता. लिंबाजी राणीसावरगावचा, आणि सटवाजीचा जावई.

सटवाजीची एकुलती एक पोर, कावेरी, लिंबाजीच्या घरी दिलेली. दोन एकर कोरडवाहू आणि कवड्या-बाण्या ही जोडी, एवढंच त्या घरात डोळ्यांत भरण्यासारखं. दिवाळीला लिंबाजी जोडी घेऊन सासरवाडीला आला होता तेव्हा सटवाजीनं दोघांनाही नवीन पत्र्या मारल्या होत्या. तेव्हा खूर थंडगार होते, नदीतल्या गोट्यांसारखे.

तर पटाच्या पाच दिवस आधीपासून लोक ज्वारी घेऊन यायला लागले. आबासाहेबांची जोडी येऊन गेली होती. सटवाजीनं तिचे खूर मांडीवर घेतले होते. चांगली जोडी, पण डाव्या बैलाचा मागचा सांधा जरा आखडलेला. लिंबाजीची जोडी अजून वाटेवर होती. दोन दिवसांत यायची होती ती आलीच नाही.

"सांग की," लोक म्हणाले. "जावयाचे बैल तुला ठावे न्हाईत का?"

दुसऱ्या कुणाची जोडी असती तर सटवाजीनं साफ सांगितलं असतं, बैल येऊ द्या, खूर बघू द्या, मग हात घाला. तीन वर्षांत त्यानं न बघितलेल्या खुरावर बोट दाबलं नव्हतं. पण हे जावयाचे बैल. "बघतो मंग सांगतो" म्हणणं म्हणजे जावयाच्या घरची भाकरी वास घेऊन खाणं. चारचौघांत तसं कसं म्हणायचं? शिवाय दिवाळीचा तो थंडगार खूर त्याच्या तळव्याला अजून आठवत होता.

त्यानं उपरणं पसरलं. अंगठा. अंगठा. अंगठा. पाच दिवसांत कणगी अर्धी भरली.


चौथी

राहू द्या. सटवाजीनंही ती शेवटालाच ठेवली.


पाचवी

जोडी आली ती पटाच्या आदल्या दिवशी, ऊन डोक्यावर आल्यावर. पुढं लिंबाजी, मागं डोक्यावर गाठोडं घेतलेली कावेरी, आणि त्यांच्या मागं फाट्यावरची निम्मी माणसं. लिंबाजी तिशीच्या आतला, उंच, हसरा. लोक कवड्याच्या पाठीवर थापा मारत होते. जणू पट कालच होऊन गेला होता.

"उशीर केला, जावईबापू," सटवाजी म्हणाला.

"आलो की आरामात. बैल दमवून काय करायचं, मामा?"

कवड्याला पाडलं, पाय बांधले. पुढचा डावा पाय मांडीवर घेतला. तळवा ठेवला. थंड. पहिली पत्री, दुसरी पत्री. लोक गोल करून उभे. पुढचा उजवा पाय घेतला. आतली नखी थंड. तिसरी पत्री.

बाहेरच्या नखीवर त्यानं तळवा ठेवला.

चुलीवरून आत्ताच उतरवलेल्या तव्याला चुकून हात लागावा तसा तो हात मागं आला असता. पण त्यानं तो तिथंच दाबून धरला. आत, नखीच्या मुळाशी, काहीतरी उडत होतं. टिकटिक टिकटिक. बाहेरून काही नाही. खूर काळाभोर, गुळगुळीत, चिरासुद्धा नाही. गिट्टीचा एखादा बारीक खडा कधीतरी आत शिरला असणार आणि वरून नखी मिटली असणार. आत पू झाला होता.

कवड्यानं मान उचलून सटवाजीकडं बघितलं. ओरडला नाही.

सटवाजीनं तो पाय हळूच खाली ठेवला आणि मागच्या पायांकडं सरकला.

"ही येक राहिली, मामा," लिंबाजी म्हणाला.

"हाय ध्यानात. पुढला पाय आवघडलाय त्याचा. मागले करू आधी."

सडकेपलीकडं, दगडावर, चंद्रभान ताठ झाला.


सहावी

"जावईबापू, उद्या आबासाहेबाची जोडी घरी न्यायची म्हंजे दावणीला जागा हाय का?"

"नसली तर तुज्या दाराशी बांधतो की!"

"हसायलाव तुमी, पर मी म्हस लावली हाय, म्हस. बायकूला सांगितलं बी न्हाई."

"सांगू नगंस. उद्या दोन म्हशी घेऊनच जा घरी."

"सटवाजीबुवाचं बोट हाय त्या म्हशीवर. सरकारी शिक्क्यावानी."

"बुवा, असं गप का? जावयाचं कवतिक पोटात मावंना जणू!"

"मला तर वाटतंय बुवा घामाघूम झालेत. माघात घाम बघितला का कुणी?"

"ऊन हाय," सटवाजी म्हणाला.


सातवी

मागच्या दोन्ही पायांचं झालं. सात पत्र्या बसल्या. सटवाजी पाणी प्यायला उठला तेव्हा कावेरी समोर आली. तिच्या हातात पायली होती, ज्वारीनं काठोकाठ भरलेली.

"हे काय?"

"घ्या. लोकं देतेत तसं."

"खुळी झालीस का?"

"मला बी इचारायचंय, अप्पा. फुकटचं नगं. फुकटचं समदे माया करून सांगतेत." तिनं पायली कणगीत ओतली आणि त्याच्या समोर बसली. लोक गंमत बघायला पुढं सरकले. लेक बापाकडून बोट विकत घेतेय, हे काही रोज दिसत नाही. कुणीतरी शीळ घातली. लिंबाजी लांबून ओरडला, "घे घे! माज्यावर भरोसा न्हाई बाईचा!" आणि सगळे हसले.

सटवाजीनं उपरणं पसरलं. खाली तिचा हात आला, कोरडा, खरखरीत. ती वाकली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

"आमी उशिरा का आलो ठावं हाय? कवड्या सडकेवरनं चालंना. चार दिवस कडंकडंनं, मातीतनं चालत आला. सडकेवर घेतला की उजवा पाय झाडायचा. त्यांनी म्हणलं, मस्ती आलीया." ती थांबली. "मला जोडी जिंकल का ते न्हाई इचारायचं. त्यांनी उद्या गाडीवर बसावं का? बसावं तर अंगठा दाबा. न्हाई तर करंगळी."

पटाच्या गाडीला साटा नसतो, कठडा नसतो. दोन चाकं, एक जू आणि मधे पाय टेकवायला फळी. वाऱ्यासारख्या पळणाऱ्या बैलाचा पुढचा पाय मोडला तर धुरकरी जातो तो थेट चाकाखाली. सटवाजीनं असे दोघे बघितले होते. एकाला तर ओळखायलाही बायकोला बोलवावं लागलं होतं.

त्यानं मान वर केली. कावेरीच्या खांद्यावरून त्याला चेहरे दिसत होते. म्हैस लावलेला. शेत लावलेला एक जण होता. पोरीच्या लग्नाचं लुगडं लावलेली दगडाबाई होती, पदर दातांत धरून उभी. सगळ्यांचं लक्ष उपरण्यावर. करंगळी दाबली तर उठून सांगावं लागणार होतं, माझं चुकलं, न बघता सांगितलं. आणि जोडी पळाली नाही तरी कासरा बांधलेला, जोडी गेलीच. लोकांच्या म्हशी गेल्या. तीन वर्षं गेली. चंद्रभानचं बरं होतं. तो हरला असता तर कोट काढून उठून गेला असता. सटवाजीकडं काढायला कोट नव्हता. त्याच्याकडं फक्त बोट होतं.

आणि खूर असा की, कदाचित टिकेलही. एक दिवस. एक पळ.

त्यानं कावेरीचा अंगठा दाबला.

तिनं उपरण्याखालून हात काढून घेतला. मग उठली, रिकामी पायली काखेत घेतली आणि बैलांना पेंड घालायला गेली.

त्यानंतर त्यानं चौथ्या नखीला पत्री लावली. तीन खिळ्यांऐवजी दोनच मारले, तेही उथळ, नखीच्या अगदी कडेला. हातोडी अशी पडत होती जणू झोपलेल्या लेकरावरची माशी हाकलायचीय.

दगडावरून चंद्रभान उठला, तट्टाला टाच मारली आणि आबासाहेबांच्या मुक्कामाकडं निघून गेला.


आठवी

ढोल वाजला. जोड्या सुटल्या.

पहिली शंभर पावलं कवड्या मागं होता. लिंबाजी फळीवर वाकून उभा, पराणी हवेत, ओरडत होता ते लोकांच्या ओरडण्यात बुडून गेलं होतं. सटवाजी दोऱ्याच्या काठीशी उभा होता. त्याला बैल दिसतच नव्हते. त्याला फक्त उजवा पुढचा पाय दिसत होता. पडतोय. पडतोय. पडतोय. अर्ध्या पट्टीवर त्या पायाखालून काहीतरी उडालं, उन्हात एकदा चमकलं आणि धुळीत गेलं.

पत्री.

सटवाजीनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा दोरा तुटलेला होता आणि तो कवड्याच्या शिंगाला लोंबत होता.

नेमकं काय झालं ते त्या रानात फक्त त्याला समजलं. पत्री उपटून निघाली तशी नखीची कड फुटली. आतला पू बाहेर पडला, ठणका एकदम उतरला, आणि चार दिवस पाय चोरणारा बैल मोकळा होऊन सुटला. फक्त तेवढ्या पळापुरता. बाकी लोकांना एवढंच दिसलं की सटवाजीचं बोट पुन्हा खरं झालं.

लिंबाजीला उचललं. मग सटवाजीला उचललं. माणसांच्या खांद्यावर हिंदकळत असताना त्याला लांबवर चंद्रभान दिसला. तो एका माणसाच्या हातात तट्टाचा लगाम देत होता. मग त्यानं कोट काढला, घडी घातली, ती पुन्हा नीट केली आणि दिली. मग अंगठी. अंगठी निघेना, तेव्हा थुंकी लावून काढली. पैजेत सगळा फाटा एकीकडं होता, दुसरीकडं आबासाहेबांच्या माणसांबरोबर तो एकटाच होता.

दिवस मावळायच्या आत आबासाहेबांचा माणूस आला. आबासाहेबांनी दुसरी जोडी मागवली होती. आठ दिवसांनी, सेलूला पुन्हा मुकाबला. कवड्या-बाण्या आणि आज जिंकलेली जोडी, दोन्हींचा कासरा. लिंबाजीनं तिथंच, हातातला पेढा तोंडात टाकता टाकता, हो म्हणून सांगितलं. पट्टी उजवीच मागितली. म्हणाला, तीच लाभती.

कावेरी झाडामागं कवड्याचा पाय धूत होती. सटवाजी जवळ गेला तेव्हा तिनं हातातलं फडकं उलगडून दाखवलं. पिवळं आणि लाल.

"तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली. विचारलं नाही.

"व्हतं."

"मंग आता सांगा त्यांना. माज्यानं ऐकत न्हाईत. म्हणतेत, बापानं अंगठा दाबला अन् लेकीला भ्या वाटायलंय."


चौथी

सटवाजीनं सांगितलं. एकदा नाही, जोडी फाट्यावर होती तोवर रोज सांगितलं. पहिल्यांदा बाजूला घेऊन, मग चारचौघांत. जखम वरून मिटली होती. फुटलेली कड झिजून सारखी झाली होती, काळी, गुळगुळीत. त्यानं लिंबाजीचा हात धरून त्या नखीवर ठेवला.

"लागायलंय का ऊन?"

"उन्हात उभा हाय बैल, मामा. मंग काय गार लागंल?"

"जावईबापू, मी त्या दिवशी खोटं बोललो. पोरीशी खोटं बोललो. माज्या हाताला तवाच कळलं व्हतं."

लिंबाजी हसायला लागला. वाईट हसू नव्हतं ते. प्रेमानं हसला. "कळलं व्हतं अन् तरी अंगठा दाबला. अन् अंगठा खरा झाला! मामा, तुमच्या हाताला न कळता बी खरंच निघतंय, हे तुमालाच ठावं न्हाई."

लोकही हसले. कुणी म्हणालं, म्हातारा दृष्ट लागू नये म्हणून असं बोलतोय. कुणी हळू आवाजात म्हणालं, आबासाहेबांनी काही चारलं असेल. दगडाबाई तर ज्वारी घेऊन आली. सटवाजीनं उपरणं पसरलं आणि तिची करंगळी दाबली. तिनं हात ओढून घेतला, त्याच्याकडं बघून डोळा मिचकावला आणि लिंबाजीवर लावायला गेली. तिच्यामागून आलेल्यांनी ज्वारी ओतली पण हातच घातला नाही. आता बोटाची गरजच उरली नव्हती. सगळ्यांना माहीत होतं.

तीन वर्षं त्यानं खरं सांगितलं आणि लोकांनी ऐकलं. एकदा खोटं सांगितलं तेही ऐकलं. आता तो खरं सांगत होता आणि ते ऐकायला कुणीच नव्हतं.

सेलूला निघायच्या दिवशी लिंबाजीनं कवड्याला झाडाखाली आणून पाडलं. "तेवढी चौथी बसवा, मामा. सडकेवरनं न्यायचाय."

"मी न्हाई मारायचो."

"मंग सेलूच्या नालबंदाकडनं मारून घेतो."

सेलूचा नालबंद. त्याला हा खूर काय माहीत? तो तीन खिळे सरळ आत मारेल, बरोबर त्या जागी, जिथं अजून उडतंय. सटवाजी खाली बसला. पाय मांडीवर घेतला. तळवा ठेवला. तवा पुन्हा तापत होता.

या वेळी दोन खिळ्यांवर भागणार नव्हतं. सेलू लांब होतं, पत्री वाटेत गेली असती. एक खिळा मारला. दुसरा मारला. तिसरा धरला आणि हातोडी वर नेली, तेव्हा कवड्यानं मान उचलून त्याच्याकडं बघितलं. त्यानं तिसरा मारला. बैलाच्या अंगावरून सर्रकन काटा गेला.

"झालं," लिंबाजी म्हणाला. वाकून सासऱ्याच्या पाया पडला. कावेरी गाडीपाशी उभी होती. ती बापाकडं बघत नव्हती, पत्रीकडं बघत होती.

गाडी जुंपत होते तेव्हा सटवाजीच्या समोर सावली पडली. चंद्रभान. अंगात नुसती बंडी, पाय अनवाणी, धुळीनं पांढरे झालेले. हातात पायली होती, पाऊण भरलेली.

"पाव कमी हाय," तो म्हणाला. "जात्यापासली व्हती. बायकू दळायला बसली व्हती, तिच्या पुढनं उचलली."

"तू तर इकत घेत न्हाईस."

"न्हाई घेत. तुला आज सांगतो, सटवाजी, मी बैलाकडं कधी बघितलंच न्हाई. मला बैलातलं काय बी कळत न्हाई. मी तुज्याकडं बघायचो. तीन वर्षं तुजं तोंड वाचलं त्या दगडावर बसून. त्या दिवशी बी बरोबर वाचलं. तोंड बरोबर व्हतं, बैल चुकला." तो खाली बसला, ज्वारी कणगीत ओतली. "आता तुज्या तोंडावर काय बी दिसंना. समदं येकच दिसायलंय. म्हणून इकत घ्यायला आलो."

"तुज्याकडं लावायला काय राहिलंय?"

"घर हाय."

सटवाजीनं उपरणं पसरलं नाही. चंद्रभाननंच खांद्यावरचा पंचा काढून दोघांच्या मधे धरला आणि खाली हात घातला. सटवाजीला तो हात धरावा लागला. बोटात जिथं अंगठी असायची तिथं पांढरा पट्टा उरला होता, तो बोटांना लागत होता, मऊ.

सांगायचं नाही म्हटलं तरी हे एकच माणूस होतं जे त्याचं खरं धरणार होतं. आणि ते धरून सेलूला जाऊन, लिंबाजी चाकाखाली जायची वाट बघत, दोऱ्याच्या काठीशी उभं राहणार होतं.

खोटं सांगता आलं असतं. अंगठा दाबला असता तर सगळा फाटा एकाच बाजूला झाला असता. निदान एक घर तरी बुडालं असतं त्याच्याबरोबर. पण तळवा अजून गरम होता.

त्यानं करंगळी दाबली.

चंद्रभाननं हात सोडवला. पंचा खांद्यावर टाकला, उठला. तोवर गाडी सडकेला लागली होती. घुंगरं वाजत होती, पोरं मागं पळत होती. कवड्या पुन्हापुन्हा उजवीकडं, कडेच्या मातीत उतरायला बघत होता, आणि लिंबाजी हसत हसत, कासरा ओढून, त्याला पुन्हापुन्हा मधोमध गिट्टीवर घेत होता. चंद्रभान त्यांच्या मागं, त्यांनीच उडवलेल्या धुळीत, अनवाणी चालायला लागला.